अचलपूर : आश्विनातली एक राहून गेलेली ट्रिप

गेल्या महिन्यात टीममधल्या चौघांचं शीआनला जायचं ठरत होतं. चीनची जुनी राजधानी, गावाभोवती मिंग काळातला तट, त्या तटाचा घेर जवळजवळ १४ किलोमीटर, आणि त्या तटावरून भाड्याची सायकल चालवता येते. जायचं कधी तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, कारण १ ऑक्टोबरला तिकडे राष्ट्रीय दिनाची आठवडाभराची सुट्टी लागते आणि अख्खा चीन फिरायला निघतो. मीही एक्सेल शीट उघडून बसलो. तिकीट, व्हिसा, हॉटेल, रजा... शेवटचा आकडा बघून शीट मुकाट्याने सेव्ह केली आणि अकोल्याला बाबांना फोन लावला. हा फोन दर रविवारी असतोच.

"चीनले? कायले बापा?" बाबा म्हणाले.

म्हटलं, जुनं शहर आहे, तट आहे, वेशी आहेत, जुनी राजधानी होती.

"तट हाये, वेशी हायेत, राजधानी होती," बाबांनी माझेच शब्द मला परत दिले. "आपलं अचलपूर पाह्यलं काय तुनं?"

आता खरं सांगायचं तर नव्हतं पाहिलं. मी अकोल्यात वाढलो, पुण्यात नोकरी करतो, चिखलदऱ्याला किमान दहा-बारा वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी परतवाड्यात थांबून नाश्ता केला, गाडीत डिझेल टाकलं आणि घाट चढलो. अचलपूर परतवाड्याला चिकटून आहे. इतकं, की नवख्या माणसाला एक गाव कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. तिथे साडेतीन मिनिटांवर वऱ्हाडच्या सुलतानांची राजधानी होती आणि मी पोहे खाऊन पुढे जात होतो. आणि माझे बाबा शाळेत असताना चार वर्षं त्याच गावात, बिलनपुऱ्यात, भाड्याच्या खोलीत राहिलेले! तिथून निघाल्यावर एकदाच परत गेले, तेही एका मयतीला. आता ते ७६ चे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. म्हणजे ही ट्रिप 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्यातली नाही.

तर मंडळी, शीआनची शीट तशीच ठेवून त्याच फाइलमध्ये दुसरी टॅब उघडली आहे. नाव : अचलपूर. हा लेख म्हणजे त्या टॅबमधल्या 'शेरा' नावाच्या कॉलमचा विस्तार समजा.

पहिला प्रश्न, कधी जायचं? मी दिवाळीची सुट्टी म्हणत होतो. बाबांनी ते उडवून लावलं. त्यांचं म्हणणं आश्विनातच जायचं, कारण तेव्हा बिच्छन नदीला पाणी असतं. (अचलपूर सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या मधलं गाव. नाव ऐकून दचकू नका, दोन्ही आपल्या साध्या सातपुड्यातून येणाऱ्या नद्या आहेत.) त्यांचं बरोबर आहे. परतीचा पाऊस संपला की पंधरा-वीस दिवस सातपुडा हिरवागार, हवा धुतलेली आणि डोंगर हात लावावा इतके जवळ दिसतात. शेतात सोयाबीनची काढणी, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली, आंबिया बहाराची संत्री झाडावर रंग धरत असतात. मात्र दुपारी बारा ते चार ऑक्टोबर हीट आपला प्रताप दाखवते, आणि किल्ल्यावर कमरेइतकं गवत माजलेलं असतं. म्हणून सकाळी लवकर बाहेर, दुपारी सावलीत, संध्याकाळी परत बाहेर. नवरात्रात अमरावतीला अंबादेवी-एकवीरेची गर्दी, म्हणून ते दिवस टाळले. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार पक्का केला.

दुसरा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. गावाचं नाव.

जुन्या कागदपत्रांत, इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये सगळीकडे एलिचपूर. बाबांना शाळेत सांगितलेली गोष्ट अशी : इथे एल नावाचा जैन राजा होता, त्याच्यावरून एलिचपूर. या एल राजाला कुष्ठरोग झाला होता आणि शिरपूरच्या (आता वाशिम जिल्ह्यात) तळ्यात आंघोळ केल्यावर तो बरा झाला, म्हणून तिथे अंतरिक्ष पार्श्वनाथ. वेरूळची लेणीही दंतकथेत याच राजाच्या खात्यावर जमा आहेत. त्याच गावात दुसरी गोष्ट चालते ती बिच्छनच्या काठावरच्या दर्ग्याची. गझनीच्या महमूदाचा भाचा शाह अब्दुल रहमान हा ऐन लग्नातून उठून इथे आला, एल राजाशी लढला आणि मारला गेला. नवरदेव म्हणून त्याचं नाव दुल्हा रहमान, आणि त्याच्यावरून गावाच्या वेशीचं नाव दुल्हा दरवाजा. साल सांगतात इसवी सन १००१.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. १००१ मध्ये महमूद पेशावरजवळ जयपालाशी लढत होता. त्याची फौज नर्मदा ओलांडून कधीच आली नाही. दख्खनमध्ये दिल्लीकडची फौज पहिल्यांदा उतरली ती १२९६ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी. आणि ही गोष्ट ऐकल्यासारखीही वाटली. उत्तर प्रदेशात बहराइचला सालार मसूद, म्हणजे गाजी मियाँ, यांचा दर्गा आहे. तेही महमूदाचे भाचे, तेही तरुणपणी लढाईत गेले, त्यांचाही उत्सव नवरदेवाच्या मिरवणुकीसारखा होतो. म्हणजे ही गोष्ट उत्तरेकडून इथे वस्तीला आलेल्या माणसांच्या बोचक्यातून आली असावी, असं मला वाटतं. गोष्टी अशाच प्रवास करतात. शिपाई, विणकर, फकीर ज्या रस्त्याने येतात त्याच रस्त्याने.

मग एल राजा तरी? इथे मला जे सापडलं त्याने माझा एक अख्खा शनिवार सार्थकी लागला. बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी एक मोठं व्याकरण लिहिलं, त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृतचे नियम आहेत. त्यात एका ठिकाणी ते अक्षरांची अदलाबदल होणारे शब्द सांगतात. वाराणसीतले र आणि ण जागा बदलतात (तिथूनच पुढे बनारस). महाराष्ट्रातले ह आणि र जागा बदलतात (तिथून मरहट्ठ, आणि मग आपण मराठे). आणि या दोघांच्या मध्ये, एक स्वतंत्र नियम फक्त एका गावासाठी : अचलपूर या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते. अचलपूरचं अलचपूर!

थोडक्यात, लखनौचं नखलौ आणि डेस्कचं डेक्स करणारी जीभ त्याही काळी होतीच. अचलपूरचं अलचपूर झालं, महानुभावांच्या लीळाचरित्रात ते अळजपूर म्हणून येतं, फारसी लिहिणाऱ्यांनी त्याचं इलिचपूर केलं, इंग्रजांनी त्याला दोन एल लावले, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ते परत अचलपूर केलं. दोन व्हेरिएबलची स्वॅप. मधल्या काळात लोकांना 'एलिच' म्हणजे काय ते कळेना, म्हणून एक राजा लागला. राजा आला म्हणून त्याच्याशी लढायला कोणीतरी लागला.

अचलपूर हे मूळ नाव किती जुनं? बैतूल जिल्ह्यातल्या तिवरखेडला सापडलेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट अचलपुरातून दिलेला आहे आणि त्यावर साल आहे शक ५५३, म्हणजे इसवी सन ६३१. हे वाचून मी उडालोच, कारण शीआनहून, म्हणजे तेव्हाच्या चांगआनहून, निघालेला ह्युएन त्संग ६४१ च्या आसपास महाराष्ट्रात होता. पण जरा थांबा. याच नन्नराजाचे आणखी ताम्रपट आहेत. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या सांगळूदचा शक ६१५ चा आणि मुलताईचा शक ६३१ चा. एक माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षं दानपत्रं देत बसणार नाही. नंतरच्या दोन तारखा एकमेकींना धरून आहेत, म्हणजे तिवरखेडच्या तारखेत गोम असावी असं अभ्यासक म्हणतात. मलाही तेच पटतं. एका लॉगमधला टाइमस्टॅम्प बाकीच्या दोघांशी जुळत नसेल तर आपण काय करतो? पण सातवं नाही तर आठवं शतक घ्या, गावाचं वय बाराशे-तेराशे वर्षांच्या खाली येत नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे लिवलं कोनी?"

"हेमचंद्रांनी."

"राह्यचे कुठं?"

"गुजरातेत."

"आमी तं गावातच राह्यलो," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

आईची काळजी वेगळीच होती. तिला अचलपूर म्हटलं की एप्रिल २०२२ आठवतं. याच दुल्हा दरवाज्यावर झेंडा लावण्यावरून दोन गटांत दगडफेक झाली आणि अचलपूर-परतवाड्यात संचारबंदी लागली. आम्ही पुण्यात मोबाइलवर बातम्या वाचत होतो आणि आई-बाबा तिकडच्या नातेवाइकांना फोन लावत होते. "तुमचं ते च आन् ल घरात ठेवा," आई म्हणाली, "तिथं वेशीवर उभं राहून कोनाले सांगू नका." मी हसलो, पण ती काही विनोद करत नव्हती. माझ्यासाठी जी फूटनोट आहे ती तिथल्या माणसांची वेस आहे, रोज तिच्याखालून ये-जा करायची. दर्ग्यावर मात्र दोन्हीकडची माणसं जातात. बाबाही शाळेत असताना परीक्षेआधी जायचे. एल राजाच्या गोष्टीवर विश्वास ठेवून, त्याला मारणाऱ्याच्या दर्ग्यावर गणिताच्या पेपरसाठी नवस. मी विचारलं की तुम्हाला यात काही विचित्र नाही वाटलं? "गणित कठीन होतं बापा," म्हणाले.

असो. आता मुद्द्याचं, म्हणजे राजधानी इथेच का.

नकाशा उघडा. उत्तरेकडून, माळव्यातून, नर्मदेकडून तुम्ही सातपुडा ओलांडून खाली उतरता आणि समोर एकदम काळी सपाट जमीन लागते. त्या उतरणीच्या पायथ्याशी, दोन नद्यांच्या मध्ये, अचलपूर. डोक्यावर गाविलगडचा डोंगर. ज्याला दख्खनमध्ये शिरायचं त्याला इथे दम खायला थांबावंच लागतं, आणि ज्याच्या ताब्यात हे गाव त्याला वऱ्हाडचा महसूल. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण लग्नपत्रिकेच्या थाटात म्हणतो, पण त्या सोन्याचा हिशोब बघितला की जीव थोडा थोडा होतो.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी, तेव्हा तो सुलतान नव्हता, काकाला न सांगता कड्याहून निघाला. फिरिश्ता म्हणतो बरोबर आठ हजार घोडेस्वार होते. एलिचपूरला येऊन तो दोन दिवस थांबला आणि बातमी पेरली की मी काकाशी भांडून राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललोय. लोकांनी विश्वास ठेवला. तिथून तो तडक देवगिरीवर गेला. पुढचं आपण शाळेत शिकलोय. पण तहातलं एक कलम शाळेत कोणी लक्षात ठेवत नाही : एलिचपूर प्रांताचा महसूल दरवर्षी अलाउद्दीनला द्यायचा. काही वर्षांनी रामदेवरायाने तो पाठवणं थांबवलं आणि १३०७ मध्ये मलिक काफूर आला. म्हणजे दख्खनचं पुढचं सगळं महाभारत सुरू झालं ते आमच्या अचलपूरच्या थकबाकीवरून.

मग बहामनी. गाविलगडाचा किल्ला अहमदशाह बहामनीने १४२५ च्या सुमारास बांधला, आणि तो स्वतः तेव्हा वर्षभर एलिचपुरात मुक्काम ठोकून होता. त्यानंतर जो माणूस येतो तो माझा या सगळ्या गोष्टीतला सर्वात आवडता. फतहउल्ला इमाद-उल-मुल्क. हा जन्माने कानडी हिंदू. विजयनगरच्या मुलखातल्या लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे गुलाम म्हणून वाढला, मुसलमान झाला, चढत चढत सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास बहामनी राज्य फुटलं तेव्हा स्वतंत्र झाला. वऱ्हाडची इमादशाही, राजधानी एलिचपूर. त्याने गाविलगडाची डागडुजी केली. तिथल्या दरवाज्यावरच्या कोरीव कामात गंडभेरुंड आहे. दोन डोकी असलेला पक्षी, विजयनगरकडचं चिन्ह. लहानपणी पकडून आणलेल्या पोराला तो पक्षी आठवत असेल का, की नुसती कारागिरांची हौस? मला पहिलं आवडतं, म्हणून मी पहिलं धरतो. (हे माझं मत, इतिहास नव्हे.) ट्रिपमधली माझी स्वतःची एकमेव मागणी, त्या दरवाज्यासमोर निवांत दहा मिनिटं.

इमादशाही ८०-८५ वर्षं टिकली. शेवटच्या काळात बुऱ्हाण इमादशहा नावाचा पोरगा गादीवर आणि सत्ता तुफालखान नावाच्या कारभाऱ्याच्या हातात. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने अकोटजवळचा नरनाळा किल्ला घेऊन दोघांनाही पकडलं आणि विषय संपवला. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिला, शहजादा मुराद बाळापूरकडे राहिला, आणि राजधानीचं महत्त्व वाटलं गेलं. अठराव्या शतकात निजामाच्या वतीने इथे पठाण नबाब होते. गावाचा तट त्यांच्या काळातला. आणि त्याच शतकात वऱ्हाडी शेतकऱ्याने निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांनाही वसूल दिला. एका शेताचे दोन साहेब.

१८०३ मात्र निवांत सांगायला हवं, कारण आमचा जायचा रस्ताच त्या वर्षातून जातो. असई आपल्याला पाठ असते. पण असईनंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १८०३ ला, वेलस्लीने भोसले आणि शिंद्यांच्या फौजांना परत गाठलं ते तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला. आधी कंपनीच्याच तीन पलटणी तोफांना घाबरून मागे पळाल्या होत्या, वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना वळवलं. दिवस मावळताना लढाई संपली आणि पाठलाग चांदण्यात चालला. ५ डिसेंबरला तो एलिचपुरात. जखमींसाठी तिथेच इस्पितळ थाटलं आणि दोन दिवसांत गाविलगडाकडे निघाला. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून रस्ता करत करत तोफा हातांनी ओढून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. ज्या घाटात आपली एसी गाडी पहिल्या गिअरवर कण्हते, तिथे! १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. १७ तारखेला देवगावचा तह झाला, आणि हे देवगाव म्हणजे अचलपूरजवळचं एक खेडं. त्या खेड्यात झालेल्या सहीने भोसल्यांचं कटक, म्हणजे ओडिशाचा किनारा, इंग्रजांकडे गेला. ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तो सुर्जी-अंजनगावला, पानमळ्यांच्या गावाला. त्यात दिल्लीच्या आसपासचा दुआब गेला. एका महिन्यात, एकमेकांपासून दुचाकीच्या अंतरावर असलेल्या तीन-चार गावांत, हिंदुस्थानचा नकाशा बदलला. या गाविलगडावर बर्नार्ड कॉर्नवेलने 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी १९९९ मध्ये लिहिली. इंग्लंडातल्या वाचकाला आमचा किल्ला माहीत आहे आणि मी मात्र तिथे मक्याचं कणीस खाऊन फोटो काढून परतलोय.

आणि मग १८५३. निजामाने हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज पोसायची, तिचे अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज वाढलं, आणि त्या पगाराच्या हमीपोटी अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या हातात दिला गेला. १२९६ मध्ये अलाउद्दीनला महसूल, १८५३ मध्ये कंटिंजंटला पगार. साडेपाचशे वर्षांत वऱ्हाडच्या काळ्या मातीचं कामच जणू दुसऱ्याच्या शिपायांचे पगार भागवणं. आणि या कंटिंजंटची छावणी कुठे, तर एलिचपूरला लागून, परतवाड्याला. माझं पोह्यांचं गाव.

गाव कशाने मागे पडलं म्हणाल, तर तोफांनी नाही. रेल्वेने. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरला जाणारी मोठी लाइन टाकून झाली, ती दक्षिणेकडून, कापसाच्या मधोमध, अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा अशी. रेल्वेला सातपुडा चढायचा नव्हता, तिला मुंबईला कापूस न्यायचा होता. ज्या उतरणीमुळे अचलपूर राजधानी झालं होतं तिची किंमत एका फटक्यात शून्य. अकोल्याला जिनिंग-प्रेसिंग आले, अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. एलिचपूर नावाला जिल्हा राहिला तोही १९०५ पर्यंत, मग अमरावतीत विलीन. १९०१ च्या शिरगणतीत गावात २६ हजार माणसं होती. मूर्तिजापूरहून अचलपूरला आपली लाडकी शकुंतला सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. नॅरोगेज, ७६ किलोमीटरला चारेक तास. राजधानीला रेल्वे मिळाली, पण बैलगाडीच्या वेगाची.

म्हणूनच अचलपूरचं शीआन झालं नाही असं मला वाटतं. तट दोन्हीकडे होते, पण तिकडे तो राखून त्यावर सायकली आणल्या, आपल्याकडे... जाऊ द्या. आधी बघून तरी येऊ.

तर आता शीटमधला कार्यक्रम. शनिवारी पहाटे अकोल्याहून निघायचं, अकोटमार्गे. अडगावला थोडी वाकडी वाट होते, पण तिथे तासभर. मग अंजनगाव, तिथून परतवाडा. दुपार नातेवाइकांकडे (जेवायचं नक्की, मेनू आईने ठरवलाय). चारनंतर दुल्हा दरवाजा, दर्गा, बिच्छनचा काठ, आणि उजेड असेपर्यंत बाबा बिलनपुऱ्यातली खोली शोधणार. संध्याकाळी जमलं तर हौज कटोरा. गावाबाहेर तलावात मधोमध उभी असलेली अष्टकोनी दगडी इमारत, बहामनी काळातली समजतात. शोधताना फोटो बघितला आणि लाज वाटली की हे मी चिखलदऱ्याला जाताना दहा-बारा वेळा चुकवलंय.

रविवारी सकाळी सहाला चिखलदरा. गाविलगडाच्या दरवाज्याच्या बऱ्याच जवळपर्यंत गाडी जाते, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न अर्धा सुटला. गवतात काठी आपटत चालायचं आणि पोरीला पायभर बूट घालायचे. मुक्तागिरीवर वाद चालू आहे. ५२ जैन मंदिरं, धबधबा, परतवाड्यापासून पंधराएक किलोमीटर, पण पायऱ्या फार. जुन्या प्राकृत निर्वाणकांडात या डोंगराचा पत्ता 'अचलपूरच्या ईशान्येला' असा दिलाय, म्हणून मला जायचंय. बायको साताऱ्याची, तिचं म्हणणं की तुम्ही बापलेक दोन दिवसांत चौदाशे वर्षं उरकताय, एखादं शतक पुढच्या वेळेला ठेवा. मुक्तागिरी सध्या पिवळ्या रंगात आहे.

काल रात्री बाबांना ही शीट वाचून दाखवली. सगळं ऐकून म्हणाले, "आन् शकुंतला?"

म्हटलं, बाबा, ती गाडी बंद झाली. नॅरोगेज आहे, ब्रॉडगेज करायची म्हणतात, पण सध्या काही धावत नाही.

"मले माहीत हाये बंद हाये," बाबा म्हणाले. "पह्यल्यांदा गेलो तवा तिनंच गेलो होतो. माह्या बापानं मूर्तिजापूरले बसवून देल्लं आन् तो फलाटावरच उभा राह्यला. अचलपूरले उतरेपर्यंत मले वाटे, तो अजून तिथंच उभा असन." थोडं थांबून म्हणाले, "येताना दर्यापूरवरून येऊ. मूर्तिजापूरले ते टेशन पाहू, आन् मंग घरी."

परतीच्या ओळीत बदल केला : परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला. मूर्तिजापूरसमोर वेळेच्या रकान्यात मी अर्धा तास लिहिला होता. आज सकाळी तो खोडून रकाना रिकामाच ठेवलाय.